काका, हाच घ्या!

अनोळखी माणसानं आपल्याला गोड आवाजात 'काका' म्हटलं, की आधी खिशातलं पाकीट चाचपून पाहावं, हे शहाणपण मला वयाच्या ६४व्या वर्षी, डोंबिवली स्टेशनजवळच्या एका मोबाइलच्या दुकानात आलं. तोपर्यंत मी या हाकेनं विरघळत असे. ३४ वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवल्यामुळे मला तोंडावर 'सर' म्हणणारे पुष्कळ आणि पाठीमागे भलतंच काही म्हणणारे त्याहून पुष्कळ, पण 'काका' म्हणत स्टूल पुढे सरकवणारं, पंखा आपल्याकडे वळवणारं आणि "पाणी देऊ का थंड?" असं विचारणारं माणूस मला सख्ख्या पुतण्यांतही कधी भेटलं नव्हतं.

फोन मला नको होता. हवा होता चिपळूणच्या मावशीला. मावशी ८१ वर्षांची. पुढच्या दोन खोल्यांत भाडेकरू आणि मागच्या घरात ती एकटी. तिचा जुना फोन पाण्याच्या पिंपात पडला. तिनं तो वर काढला, पुसला, कोणीतरी सांगितलं म्हणून तांदळात पुरून ठेवला, तीन दिवस वाट पाहिली आणि चौथ्या दिवशी त्याच तांदळाचा भात लावला. फोन बोलला नाही. नव्या फोनकडून तिच्या तीन अपेक्षा होत्या: वाजला की ऐकू यावा, अक्षरं मोठी दिसावीत आणि कॅनडातला नातू रविवारी हलताना दिसावा. मी त्या एका चिठ्ठीवर लिहून घेतल्या, खाली 'दहा-बारा हजार' असं लिहून रेघ मारली आणि निघालो.

दुकानाच्या पाटीपासूनच खरं तर मी सावध व्हायला हवं होतं. झगमगत्या पाटीवर एका कंपनीचं नाव हत्तीएवढं, आणि दुकानाचं नाव त्या हत्तीच्या शेपटीपाशी, मुंगीएवढं. पाटीचे पैसे जो देतो त्याचं नाव मोठं, हे गणपतीच्या मांडवाबाहेर आयुष्यभर वाचूनही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. आत जांभळ्या शर्टातला एक हसतमुख मुलगा पुढे आला. मला वाटलं, हा दुकानाचा गणवेश.

"बोला काका, बजेट काय आपलं?"

यातला 'आपलं' हा शब्द त्यानं किती शब्दशः वापरला होता, ते मला पुढे कळलं.

मी चिठ्ठी वाचून दाखवली. त्यानं ती इतक्या एकाग्रतेनं ऐकली, की माझ्या वर्गात पानिपतची लढाईसुद्धा कोणी तशी ऐकली नव्हती. मग म्हणाला, "म्हणजे काका, तुम्हाला कॅमेरा चांगला पाहिजे."

"कॅमेरा? अरे, ती ८१ वर्षांची आहे. आरशातसुद्धा फारशी पाहत नाही."

"तेच म्हणतोय ना मी! नातवाशी व्हिडिओवर बोलणार, तर आजी तिकडे क्लिअर दिसायला नकोत?"

उत्तर बिनतोड होतं. त्यानं काचेखालून एक चकचकीत फोन काढला. त्याच्या पाठीवर भिंगांची अशी मांडणी होती, की गॅसच्या शेगडीचीच आठवण यावी. एक भिंग पन्नास मेगापिक्सेलचं. दुसरं मॅक्रो. "मॅक्रो म्हणजे?" तर मुंगीचा अगदी जवळून फोटो काढायचा असेल तर. चिपळूणला मावशीच्या घरी मुंग्या मुबलक आहेत हे खरं. पण त्यांच्याशी तिचे संबंध फोटो काढण्याइतके सलोख्याचे नाहीत. तिसरं भिंग कशाला आहे, ते त्यालाही नीट सांगता येईना. "ते असू द्या काका," एवढंच म्हणाला.

शेजाऱ्यांनी मला एका दुसऱ्या कंपनीच्या फोनचं नाव लिहून दिलं होतं. किंमत साडेअकरा हजार, आवाज खणखणीत. मी ते नाव उच्चारलं. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "घरचे म्हणून सांगतो. त्याच्या कंप्लेंट फार येतात."

वाचकहो, मराठी भाषेत परनिंदेची परंपरा मोठी आहे. पण इतक्या थोड्या शब्दांत इतकं काम करणारं वाक्य माझ्या वाचनात नाही. कसल्या कंप्लेंट, कोणाच्या, किती, हे काहीही न सांगता एका धडधाकट फोनची अब्रू जाते. आणि सांगणाऱ्यानं तर केवळ आपल्यावरच्या मायेपोटी हे गुपित फोडलेलं असतं. वर त्यानं स्वतःच्या खिशातून हुबेहूब तोच शेगडीवाला फोन काढून दाखवला. "मी स्वतः हाच वापरतो, काका." प्रतिज्ञेवर सांगितल्यासारखा तो क्षण होता. यापुढे शंका घेणं म्हणजे त्याच्या आईवडिलांपर्यंत जाणं.

१७,९९९ रुपयांना तो फोन ठरला. मग दुसरा मुलगा आला, तो हप्त्यांचा. मग तिसरा, तो वाढीव वॉरंटीचा. मग काच लावणारा, मग कव्हरवाला. देवळात गुरुजी, नारळवाला, चपला सांभाळणारा असे क्रमानं भेटत जातात, तसे ते भेटत गेले आणि प्रत्येकाच्या ताटलीत मी काहीतरी टाकत गेलो. शेवटी जांभळ्या मुलानं स्वतः खोका फोडला, मावशीचं सीम आत घातलं, फोन सुरू करून दिला आणि "निश्चिंत राहा काका" म्हणाला. कोणी परक्यानं एवढं करावं! मी घरी येऊन सौ.ला सांगितलं, "आजकालची पिढी वाईट आहे म्हणतात, ते खोटं आहे." सौ.नं बिल पाहिलं आणि पिढीबद्दल काही बोलली नाही.

फोन चिपळूणला पोचला. पुढच्या पंधरवड्यात मावशीचा आवाज तीनदा ऐकू आला आणि माझा तिला एकदाही नाही. मग एका शुक्रवारी सकाळपासून तिनं फोन उचलेनासा केला. दुपारी नाही, रात्री नाही, शनिवारी सकाळी नाही. माणूस ८१ वर्षांचं असलं की प्रत्येक न उचललेला फोन ऐकणाऱ्याच्या पोटात एक एक पायरी खाली उतरत जातो. मी पिशवी भरली. सौ.नं भाडेकरूंचा नंबर कुठून तरी शोधून काढला. भाडेकरू मागे जाऊन पाहून आले: मावशी ओटीवर बसून वाल सोलत होती. फोन जवळच होता, वाजतही होता. पण त्या १८ हजारांच्या फोनला स्पीकर एकच, तोही बुडाशी. आणि मावशीनं त्याला लोकरीचा बटवा शिवून त्यात तो उभा ठेवला होता. आतून येणारा आवाज तिला शेजारच्या बोक्याचा वाटला आणि ती दोन दिवस "हाड्" म्हणत होती.

आमच्याच इमारतीत माझा एक जुना विद्यार्थी राहतो. तो कल्याणला दुसऱ्या एका दुकानात असाच उभा असतो. त्याचा शर्ट राखाडी. त्याला रविवारी जिन्यात गाठलं आणि सगळी कथा सांगितली. त्यानं सबंध ऐकून घेऊन एकच प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही दुकानात किती तारखेला गेला होतात?"

"तीस."

"अरेरे," तो म्हणाला. अमावास्येला विहिरीवर गेलेल्या माणसाकडे पूर्वीचे मांत्रिक ज्या नजरेनं पाहत, तीच ती नजर.

मग त्यानं जे सांगितलं, ते मी इतिहासाच्या तासाला कारणं आणि परिणाम सांगावेत तसं टिपून घेतलं. हे रंगीत शर्टवाले दुकानाचे नोकर नव्हेतच. कंपनीनं स्वतःच्या पगारावर दुसऱ्याच्या दुकानात उभी केलेली ही माणसं. यांना प्रमोटर म्हणतात. पगार बेताचा. खरी भिस्त प्रत्येक फोनमागे मिळणाऱ्या इन्सेन्टिव्हवर. तेही सगळ्या फोनवर सारखं नाही. जो फोन आपोआप खपतो त्यावर कमी, जो कंपनीला खपवायचा आहे त्यावर जास्त, आणि नवं मॉडेल यायच्या आत जुना साठा हलवायचा असेल तर आणखी जास्त. वर महिन्याचं टार्गेट. ते गाठलं तर दर वाढतो, हुकलं तर आधी कमावलेल्याला कात्री लागते. दुकानाचे साध्या कपड्यांतले नोकर आणि मालक यांच्यासाठीही वेगवेगळ्या कंपन्यांच्या योजना चालू असतात; फक्त त्यांच्या अंगावर रंग नसतो.

"म्हणजे शेजाऱ्यांनी सांगितलेल्या फोनवर त्याला..."

"शून्य. ती दुसरी कंपनी. त्याच्याच कंपनीच्या दहा हजारवाल्यावर समजा पन्नास मिळाले असते, तर तुम्ही घेतलात त्यावर तीनशे. आणि टार्गेट ३० फोनचं असेल, त्याचे २९ झालेले असतील आणि तारीख ३० असेल, तर सर, त्यानं तुम्हाला मुंगीचाच काय, हत्तीचा कॅमेरासुद्धा दिला असता."

माझी मावशी त्याच्या हिशेबात ३०वी होती, हे असं माझ्या ध्यानात आलं.

"आणि ते सीम घालून देणं? ते तरी..."

"फोन चालू झाला की त्याचा १५ आकडी आयएमईआय नंबर कंपनीकडे विकलेला म्हणून लागतो. तेव्हा कुठे आमचा फोन मोजला जातो."

मला त्या सबंध खरेदीतला एकच क्षण निर्मळ वाटला होता. तोही गेला.

मी जरा चिडूनच विचारलं, "तुझी आजी आहे ना गावाला? तिला कोणता घेऊन दिलास?"

तो जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखानं खरवडायला लागला. वर्गात गृहपाठ विचारला की असाच खरवडायचा. मग हळूच त्यानं शेजाऱ्यांनी सांगितलेल्या त्याच फोनचं नाव घेतलं.

"अरे, पण त्याच्या तर कंप्लेंट फार येतात ना?"

"सगळ्यांच्याच येतात सर. त्याच्या जरा कमी येतात."

इथे माझा राग निवला आणि खरी तक्रार सुरू झाली. त्या पोराला फोनमधलं कळत नाही असं नाही. उलट, कोणता फोन कोणाच्या हातात टिकेल, कशाचा आवाज म्हाताऱ्या कानांना पोचेल, कोणतं भिंग नुसतं शोभेचं आहे, हे त्याला जितकं ठाऊक आहे तितकं कोणालाच नाही. दिवसाला दहा-दहा तास उभं राहून, शेकडो गिऱ्हाइकांची तोंडं पाहून मिळवलेलं ज्ञान आहे ते. त्याच्या आजीला ते फुकट मिळालं. माझ्या मावशीला ते १८ हजार देऊनही मिळालं नाही, कारण मधे एक दरपत्रक होतं. एखादा वैद्य रोग अचूक ओळखतो, औषधही मनात येतं. पण ज्या बाटलीवर दलाली जास्त, ती पुढे करतो. वैद्य अडाणी असता तर एवढं दुःख नव्हतं.

हे सगळं मी त्याला बऱ्यापैकी चढ्या आवाजात ऐकवलं. फळ्याच्या कोपऱ्यात रोज सुविचार लिहिणाऱ्या माणसाला ती सवय असते. त्यानं निमूट ऐकलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सर, दहावीला तुम्ही आम्हाला ते पिवळ्या कव्हरचं गाईडच घ्या म्हणायचात. ते चांगलं होतं का?"

आता हे लिहू नये असं सौ.चं म्हणणं आहे. पण दर जूनमध्ये त्या गाईडचा माणूस शिक्षकांच्या खोलीत यायचा. 'नमुना प्रत' द्यायचा. तिच्याबरोबर एक डायरी, एक पेन आणि एका वर्षी झाकणाचा स्टीलचा डबा. मी कधी एक पैसा घेतला नाही, हे मी कुठेही छातीवर हात ठेवून सांगेन. पण डब्यात अजून आमच्याकडे शेंगदाणे असतात. गाईड वाईट नव्हतं. चांगलं होतं का? मी दुसरं कोणतं उघडून पाहिलंच नव्हतं.

"ठीक होतं," मी म्हणालो. तो वर गेला, मी खाली.

तेव्हा ही गोष्ट आजची नाही, हे मान्य करूनच पुढे बोलायला हवं. लंडनमध्ये १८५९ साली जॉन कॅम्डन हॉटन या गृहस्थानं बाजारबोलीचा एक कोश छापला. त्यात 'स्पिफ' असा शब्द आहे. कापडाच्या दुकानातल्या पोरांनी जुनापुराणा, पडून राहिलेला माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातला, तर मालक त्यांना जो वाटा देत, तो स्पिफ. अमेरिकेतल्या दुकानांत हा शब्द अजून वापरात आहे. आपल्याकडे दस्तुरी होती, दलाली होती. आणि आडतीच्या बाजारातली हत्ता पद्धत तर जुन्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे: दोघे व्यापारी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून रुमालाची नक्षी पाहत बसायचा. बाजार समित्यांच्या नियमांनी तो रुमाल, निदान कागदावर तरी, काढून टाकला आणि उघड लिलाव आणला. मोबाइलच्या काउंटरवर तो अजून अंथरलेला आहे. फक्त जांभळ्या रंगाचा.

इतरांचे रुमाल मात्र एकेक करून निघताहेत. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला त्यात आपल्याला काय मिळतं ते गिऱ्हाइकाला सांगायला लावलं, ते सेबीनं २००९ मध्ये. यूट्यूबवर उड्या मारत वस्तूंची तारीफ करणाऱ्यांसाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: पैसे घेतले असतील, वस्तू फुकट मिळाली असेल, तर तसं स्पष्ट सांगा. म्हणजे हजार कोसांवरून फोनची स्तुती करणाऱ्यानं खरं सांगायचं, आणि हातभर अंतरावरून 'काका' म्हणणाऱ्यानं नुसतं हसायचं! माझी मागणी मोठी नाही. त्या शर्टावर कंपनीचं नाव असतंच. त्याखाली मराठीत एक ओळ छापावी: 'मी या दुकानाचा नाही.' मग त्यानं खुशाल शेगडी विकावी. आपणही ती ऐकताना कान त्या बेतानं उघडे ठेवू.

अर्थात गिऱ्हाईक म्हणून आपलं तोंडही काही धुतलेलं नाही. आपण दुकानात तासभर बसतो, सात फोन उघडायला लावतो, फुकट काच मागतो, आणि शेवटी खिशातल्या फोनवर ऑनलाइन भाव पाहून "तिथे चारशेनं कमी आहे" म्हणत उठतो. त्या तासाभराच्या सल्ल्याचे पैसे आपल्याला कोणीही द्यायला नको असतात. आपण देत नाही म्हणून कंपनी देते, आणि जिनं पैसे दिले तिच्या मनासारखा सल्ला निघतो. माझ्या विद्यार्थ्याला मी म्हटलं, समजा मी शंभर रुपये फी देतो, तू मला खरं सांगशील? तो हसून म्हणाला, "सर, तुम्ही द्याल हो. पण मॅडम देऊ देतील का?" मुलगा हुशार निघाला. दहावीला त्याला मी ओळखलं नव्हतं.

मावशीचं काम तर अडलंच होतं. तेव्हा पुढच्या महिन्यात, मुद्दाम ४ तारीख साधून, शेगडीवाला फोन चिपळूणहून मागवून मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. म्हटलं, हा परत देऊन तो साडेअकराचा मिळतो का पाहू, आणि त्या जांभळ्याला दोन शब्द सुनावू. शब्द मी गाडीत जुळवले होते. त्यांत एक सुभाषितही होतं.

आत गेलो तर जांभळा शर्ट दिसेना. एक मोरपंखी शर्ट स्टूल घेऊन पुढे आला. "या काका, पाणी देऊ का थंड?" आवाज ओळखीचा होता, हसणंही तेच होतं. चेहरा पाहिला, तोही तोच. १ तारखेपासून त्यानं कंपनी बदलली होती. त्यानं मला ओळखलं नाही. ३०व्या मावशीचा भाचा कोण लक्षात ठेवतो?

माझं सुभाषित घशातच राहिलं. मी मुकाट्यानं पिशवीतून लोकरीचा बटवा काढला, त्यातून फोन काढला आणि काउंटरवर ठेवला. त्यानं तो उलटापालटा केला, पाठीवरच्या शेगडीवरून बोट फिरवलं आणि कळवळून जीभ चावली.

"अरेरे, हा? याच्या तर कंप्लेंट फार येतात हो काका," तो म्हणाला. "कोणी मारला तुमच्या गळ्यात?"